उंबरपाड्याच्या खांबाचं सुतक

शनिवार, २२ फेब्रुवारी २०२५. सागझरीच्या संत जोसेफ चर्चच्या दुरुस्ती खात्यात त्या सकाळी एक लाख अठरा हजार चारशे साठ रुपये होते. वाळवीने, म्हणजे इथल्या उधईने, पोखरलेला एक सागवानी खांब काढायचा आणि त्या जागी सिमेंटचा उभा करायचा, एवढ्या कामाला ही रक्कम पुरेशी होती. जॅक, लोखंड, वाळू, गवंड्याची मजुरी, सगळं धरलेलं होतं. अंत्यविधी तेवढा धरलेला नव्हता. तो दानियल गावितने ओढवून घेतला.

दानियल हा या चर्चची घंटा वाजवणारा. वय चौपन्न. बापाकडून त्याला दोन एकर तुरीचं शेत आणि घंटेचा दोर, अशा दोन गोष्टी मिळाल्या. तरुणपणी तो बारडोलीकडे ऊसतोडीला गेला होता, पण दोन हंगामांत परत आला. तिथे दिवस कधी संपला हे कुणी वाजवून सांगत नाही, अशी त्याची तक्रार होती. सागझरीत सकाळ, दुपार आणि संध्याकाळ तोच सांगायचा. इतकी वर्षं सांगून सांगून त्याचं शरीर त्याला न विचारता वागायला लागलं होतं. नवापूरच्या बँकेत जाळीच्या खिडकीपुढे उभा राहिला की त्याचा उजवा गुडघा आपोआप वाकायचा, आणि एकदा तर रोखपालाने "पुढचा" म्हणताच तो "आमेन" म्हणाला होता.

हे चर्च नव्वदेक वर्षांपूर्वी एका परदेशी फादरने बांधलं. लोक अजून त्याला दाढीवाला फादर म्हणतात. त्याच्याजवळ नकाशा होता, घंटा होती, पैसे मात्र थोडे होते. म्हणून त्याने बारा पाड्यांना सांगितलं, एकेक सागाचं झाड आणा. बारा पाड्यांनी आपापल्या रानातलं आणलं. कुणाचं जाड, कुणाचं बारीक, उंबरपाड्याचं तर मधोमध थोडं वाकलेलं. फादर म्हणाला, सगळे खांब एकसारखे तासा. सुतार म्हणाले, दुसऱ्या पाड्याचं झाड आम्ही बारीक करणार नाही, भांडण होईल. शेवटी जसे आले तसे ते उभे राहिले. त्यामुळे कौलांचं आढं आजही सरळ नाही, आणि नवा माणूस आत आला की आधी वर बघतो आणि मग भिंतीला धरतो. बाहेर मनोऱ्याचं कामही कमरेएवढ्या उंचीवर पैशांअभावी थांबलं. त्या चौथऱ्यावर आता तूर आणि मिरच्या वाळतात. घंटा शेजारी दोन सागवानी डांबांवर टांगली आहे.

ज्या पाड्याचा जो खांब, त्याच्याभोवती त्या पाड्याने बसायचं. नाताळच्या आधी आपापल्या खांबाला करंजाचं तेल चोळायचं. लग्न असलं की नवरानवरीने आधी मुलीच्या पाड्याच्या खांबाला कपाळ टेकायचं आणि मगच वेदीकडे जायचं. पाड्यात काही घरं ख्रिस्ती, काही हिंदू, पण खांब सगळ्यांचा. कुणी मेलं की घंटा सावकाश वाजते. एक टोला, मग थांबा, पुन्हा एक. शेवटी खांबाच्या क्रमांकाइतके टोले. चार पडले की उंबरपाडा. घंटा ऐकली की त्या पाड्यातल्या चुली विझतात, औतं थांबतात, आणि माती देऊन होईपर्यंत कुणी काही शिजवत नाही. मग बारा दिवस सुतक. घंटा हिंदू घरांसाठीही वाजते.

दानियल उंबरपाड्याचाच. त्याची मुलगी प्रिस्किला सुरतेला बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्स. तिचं लग्न सोमवारी, तीन मार्चला ठरलं होतं. नवरा स्टीफन अक्कलकुव्याकडचा, राखीव दलात शिपाई, नेमणूक आसामात. त्याची सुट्टी आठ मार्चला संपत होती. पाच मार्चला राखेचा बुधवार, तिथून ईस्टरपर्यंत उपवासकाळ, आणि त्यात चर्चमध्ये लग्न लागत नाही. ईस्टरनंतर स्टीफनला सुट्टी नाही. सोमवार चुकला तर लग्न थेट पुढच्या वर्षी. स्टीफनच्या आईला आधीच सुरतेची नोकरी करणारी सून नको होती. पुढच्या वर्षापर्यंत तिने मुलासाठी दुसरी शोधली असती.

त्या शनिवारी ठेकेदाराने जॅक लावले आणि खांब सुटा केला. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असं उंबरपाड्याने आधीच बजावलं होतं. म्हणून पाड्याचेच आठ जण आत गेले. दानियल घंटेजवळ उभा होता. तिथे त्याचं काही काम नव्हतं, पण उभं राहायचं झालं की तो तिथेच राहायचा. दार उघडलं. आठ माणसं खांद्यावर काहीतरी लांबलचक घेऊन, हळूहळू पावलं टाकत बाहेर आली. मागून दानियलची फुई, म्हणजे आत्या, रमीबाई, डोक्यावरून पदर घेऊन चालत होती.

दानियलच्या हाताने दोर धरला आणि ओढला.

पहिला टोला पडताच खांद्यावाल्यांनी पावलं आणखी हळू केली. त्यांच्याही पायांना तीच सवय होती. तिसऱ्या टोल्याला दानियलच्या लक्षात आलं की आपण काय करतोय. पण मयताची घंटा अर्ध्यात सोडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. अर्ध्यात सोडली तर लोक म्हणतील, माणूस अर्धा मेला. त्याने ती पुरी केली. शेवटी चार टोले दिले.

पाच मिनिटांत उंबरपाड्याकडचं मळणीयंत्र बंद पडलं. पंधरा मिनिटांत धनसिंग आला. धनसिंग हा पाड्याचा कारभारी, सत्तरीचा, अंगभर तुरीचा भुसा. त्याचं घर ख्रिस्ती नव्हतं, पण पाड्याच्या कुठल्याही मयताला पुढे तोच.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

दानियलने हनुवटीने पडवीकडे दाखवलं.

धनसिंगने खांब पाहिला. मग डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतला. "केव्हा?"

"आत्ताच. साडेदहाला."

"दुखणं होतं तसं बरेच दिवस," धनसिंग म्हणाला आणि खांबाच्या उशाशी बसला. जाड टोक वेदीच्या बाजूला होतं, तीच उशी ठरली.

तेवढ्यात फादर सायमन धावत आले. एकतिसाव्या वर्षी वसईहून बदलून आलेला माणूस. सागझरीत त्यांना आठ महिने झाले होते, आणि आठ महिन्यांत आपल्याला सगळं कळलं असं त्यांना शुक्रवारपर्यंत वाटत होतं.

"धनसिंगदादा, चूक झाली. घंटा चुकून वाजली. मी आत्ता माईकवरून सांगतो सगळ्यांना."

"सांगा ना," धनसिंग म्हणाला. "पण मग मागच्याही बघाव्या लागतील."

"मागच्या कसल्या?"

"घंटा. ही चुकून वाजते असं तुम्हीच म्हणताय. माझ्या बापाची वाजली होती, तीही चुकून असेल. आम्ही तर त्याला वाटेला लावून बसलो."

"अहो, पण तुमचे वडील गेलेच होते ना!"

"आम्ही घंटेवर विश्वास ठेवला, फादर."

फादरांनी माईक हातातला खाली ठेवला.

दुपारपर्यंत अंगणात तीनशे माणूस जमलं. उंबरपाड्यात एकही चूल पेटली नव्हती, पोरं भुकेने रडत होती. बाकीच्या अकरा पाड्यांतून बायका डोक्यावर तांदूळ-डाळीच्या पाट्या घेऊन आल्या होत्या, पण माती दिल्याशिवाय त्या शिजवणार नव्हत्या. गुजरातच्या हद्दीतून, उच्छलकडून, नातेवाइकांनी भरलेली जीप आली. त्यातली एक म्हातारी उच्छलपासून रडतच होती. उतरल्यावर तिला सांगितलं की खांब आहे. तिने क्षणभर डोळे पुसले आणि म्हणाली, "आलीय तर रडून घेते बाई. घरी कोण रडू देतं?" आणि रमीबाईच्या गळ्यात पडली.

फादरांनी बिशप हाऊसला फोन लावला. तिकडच्या वडीलधाऱ्या फादरांनी सगळं शांतपणे ऐकलं. "खांब वारला म्हणजे नेमकं काय?" असं दोनदा विचारलं. मग म्हणाले, आशीर्वादित वस्तू निकामी झाली तर ती फेकायची नसते, एकतर जाळायची किंवा आदराने जमिनीत पुरायची. तेव्हा पुरा. फादर सायमन आनंदाने बाहेर आले. "पुरायला परवानगी आहे. मात्र वस्तू म्हणून. मयत म्हणून नाही."

"कशीही पुरा," धनसिंग म्हणाला. "मातीत गेलं की बारावा आलाच."

दानियल तिथेच होता. बारा दिवस मोजायला त्याला बोटं लागली नाहीत. बारावा दिवस राखेच्या बुधवारीच पडत होता. त्याच वेळी त्याच्या खिशातला फोन वाजला. नवरदेवाचा बाप होता. "व्याही, तुमच्या पाड्याची घंटा झाली म्हणे. कोण, जवळचं का?" दानियल म्हणाला, "जवळचंच म्हणायचं," आणि फोन ठेवला. प्रिस्किला पलीकडे उभी होती. ती सुरतेहून कालच आली होती, हाताला मेंदीचा पहिला हात लागलेला. बापाकडे बघून ती फक्त म्हणाली, "बाबा, आता तुम्हीच सोडवा हे." कफनाचं कापड आणायला माणूस हवा होता. दानियल मोटारसायकल घेऊन निघाला, कारण तिच्यासमोर उभं राहणं जास्त अवघड होतं.

नवापूरच्या बाजारात गौतमचंद जैनचं दुकान आहे. पुढे कापड, मागे सिमेंट. त्यांचे आजोबा मारवाडातून आले, पण गौतमचंद गिऱ्हाइकाशी अहिराणीतच बोलतात.

"दानियलभाऊ, कोन गया?" त्यांनी मांजरपाटाचा तागा ओढत विचारलं. "वय काय व्हतं?"

"नव्वदच्या वर."

"मंग चांगलं व्हयनं. सुटना बिचारा. उंची?"

"अठरा फूट."

गौतमचंदांनी मीटरपट्टी खाली ठेवली. दानियलने त्यांना सगळं सांगितलं. गौतमचंदांनी मागच्या सिमेंटच्या थप्पीकडे बघितलं. मग म्हणाले, "तुन्हा चर्चना सिमेंट मन्हाच दुकानमा शे. म्हंजे मी पन घरनाच. कापडना पैसा नको." त्यांनी सहा मीटर फाडून दिलं, आणि वर एक गुंडी दोराही दिला.

संध्याकाळी चारला खांब धनसिंगच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवला. तो सहा फूट मागे बाहेर येत होता. रस्त्याचा नियम म्हणून कुणीतरी पांढऱ्या कफनावर टोकाला लाल फडकं बांधलं. फादर पुढे चालत होते, हातात पुस्तक. त्यांनी शेताचा एक आशीर्वाद, घराचा एक आणि प्रवाशांसाठीचा एक, अशा तीन प्रार्थना निवडल्या होत्या. मयताची एकही म्हणायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण तीनशे लोकांनी आपण होऊन मयताचं गाणं धरलं, आणि दुसऱ्या कडव्याला फादरही त्यात गेले. त्यांचा आवाज चांगला आहे.

माती टाकून झाली. बायका चुलींकडे वळल्या. पुरुष कबरस्तानाच्या कुंपणाशी बसले, आणि धनसिंगने बारा दिवसांचं बोलायला सुरुवात केली. कुणी कुठे जायचं नाही, डोक्याला तेल नाही, लग्नकार्य नाही. एवढं बोलून तो दानियलकडे बघून थांबला. "तुझ्या पोरीचं वाईट वाटतं, दानियल. पण घंटा तूच वाजवलीस."

दानियल कधी बैठकीत बोलायचा नाही. त्याचं बोलणं दोरानेच व्हायचं. पण आता तो उभा राहिला.

"दादा, लेकरू गेलं तर सुतक किती?"

"कसलं लेकरू?"

"जे चाललं नाही, बोललं नाही, दात आले नाहीत."

"तीन दिवस. पण हा नव्वदीचा होता!"

"चालला का कधी?"

धनसिंगने ताज्या मातीकडे बघितलं.

"उभा केला तिथंच राहिला ना? एक पाऊल टाकलं का?"

"नाही टाकलं," दुसरा कुणी म्हणाला.

"बोलला?"

"बोलायचा की!" रमीबाई मागून म्हणाली. "जेठात वारा सुटला की कर्रकर्र करायचा. माझ्या लग्नात पण बोलला."

"ते कण्हणं, फुई. तान्हं पोर पण कण्हतं. बोलणं वेगळं."

"आणि दात?" धनसिंगने विचारलं. आता त्याला मजा येऊ लागली होती, पण चेहरा मयताचाच होता.

"दात असते तर उधई त्याला खाऊन गेली असती का? यानंच तिला चावलं नसतं?"

कुणीतरी हसलं आणि खोकल्यात लपवलं. फादर सायमन कुंपणाला टेकून उभे होते. ते अचानक म्हणाले, "धर्माच्या दृष्टीने बघितलं तर त्याचा बाप्तिस्माही झालेला नाही." असं आपण का बोललो, हे त्यांना रात्री झोपेपर्यंत कळलं नाही.

धनसिंगने विडी पेटवली आणि निम्मी ओढली. "उंच होता एवढंच," तो शेवटी म्हणाला. "वाढ झाली, पण अक्कल आली नाही. लेकरूच ते. तीन दिवस."

दानियल खाली बसला तेव्हा त्याचा उजवा गुडघा आधी वाकला.

सोमवारी सुतक फिटलं. मंगळवारी गवंड्याने सळया बांधल्या, बुधवारी महाशिवरात्र म्हणून तो आला नाही, गुरुवारी साच्यात सिमेंट ओतलं. गुरुवारी दुपारी रमीबाई चर्चमध्ये झाडायला आली, फळ्यांमध्ये बांधलेला, ओली बारदानं गुंडाळलेला नवा खांब तिने पाहिला आणि झाडू टाकून घरी गेली. संध्याकाळी धनसिंग दानियलच्या अंगणात उभा.

"तुझी फुई म्हणते, नवा आला."

"आला."

"मग सोयर नाही का? पाचवीपर्यंत पाड्याला शुभकार्य चालत नाही."

दानियलने मोजलं. पाचवा दिवस सोमवारचा. पाचवी संध्याकाळी पुजतात, लग्न सकाळी दहाचं. आदल्या शनिवारची सगळी अक्कल त्याने वापरून संपवली होती.

प्रिस्किला आतून आली. हातात भाकरीचं पीठ. "धनसिंगबाबा, मी रोज चार बाळंतपणं बघते. सोयर कुणाच्या घराला?"

"बाळंतिणीच्या."

"मग बाळंतीण दाखवा."

ओसरीवरच्या बायका जवळ आल्या. जुना खांब पाड्याच्या रानातला होता, म्हणजे त्याचं घर पाड्यातच. पण हा? वाळू तापीची, तिला कुणाची म्हणणार. खडी तर मशीनची. सिमेंट आणि लोखंड नवापूरहून, गौतमचंदच्या दुकानातून.

"म्हणजे माहेर नवापूर," एक बाई म्हणाली.

"माहेर कसलं, जन्मच तिथला," रमीबाई म्हणाली. "आपल्याकडे नुसता आणून उभा केला. सोयर त्यांचं."

"त्यांनी मानलं पाहिजे," धनसिंग म्हणाला. "न विचारता दुसऱ्याच्या घरात सोयर टाकता येत नाही."

दानियलने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. गौतमचंदांनी मध्ये एकदाही न तोडता ऐकलं.

"पोऱ्या का पोरगी?" त्यांनी विचारलं.

दानियलने ओसरीकडे बघितलं. "पोऱ्या," रमीबाई ठामपणे म्हणाली.

"जरा थांब." पलीकडे बोलणं झालं. मग बदामबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला. जैन घरात सुतक-सोयर कडक पाळतात. "आम्हाला पाच दिवस देरासरात दर्शनाला जाता येणार नाही, ठाऊक आहे ना भाऊ?"

"ठाऊक नव्हतं, बदामबेन."

"सून माझी सहा वर्षं म्हणतेय, एवढ्यात नको. दुकानातून तरी काही आलं." त्या हसल्या की उसासल्या, फोनवर कळलं नाही. "मानलं. पण पाचवीच्या घुगऱ्या मी करणार. बाहेरच्या कुणाला करू देऊ नका."

धनसिंगने रुमाल पुन्हा डोक्याला बांधला. "मग पाड्याला काही नाही. सोमवारी लग्न."

सोमवारी सकाळी चर्च भरलं होतं. अकरा पाडे आपापल्या खांबाशी, उंबरपाडा साच्याशी. साच्याच्या फळ्या काढायला अजून दिवस होते, आणि गवंड्याने पहाटेच बारदानांवर पाणी मारून ठेवलं होतं. घंटा वाजली, लग्नाची, भरभर. प्रिस्किला आणि स्टीफन दारातून आले आणि चौथ्या खांबाशी थांबले. दोघांनी ओल्या बारदानाला कपाळ टेकलं. मान वर केली तेव्हा दोघांच्या कपाळावर सुतळीची जाळी उमटली होती आणि स्टीफनच्या नाकावर सिमेंटचा ठिपका. स्टीफनच्या आईने रुमाल काढला, पण रमीबाईने तिचा हात धरला. "राहू दे बाई. आमच्याकडचं आहे ते."

तेवढ्यात गौतमचंद आणि बदामबाई आले. बदामबाई दाराबाहेरच थांबल्या, त्यांना सोयर होतं. गौतमचंदांनी स्टीलचा मोठा डबा आत पाठवला आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी. रमीबाईने कागद सोडला. पिवळं झबलं आणि टोपडं होतं. ते कुठे ठेवायचं हा प्रश्न पडला. मग धनसिंगने झबलं साच्याच्या खिळ्याला अडकवलं, टोपडं वरच्या फळीवर ठेवलं, आणि दोन पावलं मागे येऊन बघितलं.

वेदीजवळ फादर सायमन हे सगळं पाहत होते. आठ महिन्यांपूर्वी ते खाली उतरून आले असते. आता त्यांनी हात पुसले, पुस्तक उघडलं आणि नवरानवरी येण्याची वाट पाहिली.

लग्न लागलं. दानियलने घंटा इतकी वाजवली की त्याच्या डाव्या कानात दोन दिवस दुसरं काही शिरलं नाही. घुगऱ्या सगळ्यांना पुरल्या. आठ मार्चला स्टीफन आसामला गेला, प्रिस्किला सुरतेला, आणि सासूने निघताना तिच्या डब्यात लाडू घातले. फादरांनी चर्चच्या सूचनाफलकावर लिहिलं की यापुढे लांब वस्तू चर्चबाहेर नेताना दानियल गावित यांना आधी कळवावं.

खांब नेला त्या दिवशीच्या ट्रॅक्टरच्या डिझेलचे दोनशे दहा रुपये दानियलने धनसिंगला अजून दिलेले नाहीत.